मुसीचा महापूर, १९०८ : वरच्या तलावांपासून खालच्या शहरापर्यंत

हैदराबादच्या उस्मानिया दवाखान्याच्या आवारात चिंचेचे एक जुने झाड आहे. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीला महापूर आला, तेव्हा सुमारे दीडशे माणसे या झाडावर चढून बसली आणि वाचली. झाडाची ही कथा हैदराबादेत घरोघरी सांगितली जाते. त्याच दिवशी शहरातील हजारो माणसे का वाचू शकली नाहीत, इतके पाणी आले कोठून, आणि नदीकाठी नेहमी येणाऱ्या पुरापेक्षा हा पूर वेगळा का ठरला, या प्रश्नांची चर्चा मात्र फारशी होत नाही. पूर ही केवळ पावसाची घटना नसते. नदी उगमापासून मुखापर्यंत येताना काय काय बदल स्वीकारते आणि माणसाने तिच्या वाटेवर काय उभे केले आहे, यावर पुराचे स्वरूप ठरते. इतिहास आणि भूगोल हे दोन विषय वर्गात वेगवेगळे शिकवले जात असले तरी मुसीच्या पुराचा अभ्यास करताना ते वेगळे ठेवता येत नाहीत.

नदीचा प्रवास

मुसी नदी आजच्या तेलंगणातील विकाराबादजवळच्या अनंतगिरी टेकड्यांत उगम पावते. पश्चिमेकडून पूर्वेकडे सुमारे अडीचशे किलोमीटर वाहून ती नलगोंडा जिल्ह्यात वाडपल्ली येथे कृष्णेला मिळते. उगमाजवळ काळ्या बेसाल्टवर जांभ्या दगडाचा थर आहे. हैदराबादकडे येता येता जमीन ग्रॅनाइटची होते. ग्रॅनाइटच्या उघड्या खडकात पाणी फारसे मुरत नाही. जोराचा पाऊस पडला की ते उतारावरून लगेच ओढ्यानाल्यांना लागते. त्यामुळे पुराचे पाणी वाढतेही भराभर आणि उतरतेही भराभर, हा या खोऱ्याचा स्वभाव आहे.

सर्वच नद्यांच्या बाबतीत उगमाकडील भागात उतार तीव्र, पात्र अरुंद आणि दगडगोटे मोठे असतात. खाली येताना एकामागून एक उपनद्या मिळतात, विसर्ग वाढतो, पात्र रुंद व खोल होते, गोट्यांची वाळू आणि वाळूचा गाळ होतो. उतार मंदावला की नदी वळणे घेऊ लागते. पात्रात न मावणारे पाणी काठावर पसरते आणि तेथे गाळाचा थर सोडून जाते. या सपाट, सुपीक पट्ट्याला पूरमैदान म्हणतात. ही जमीन वर्षातील बहुतेक काळ कोरडी असल्याने ती नदीची नाही असा माणसाचा समज होतो. प्रत्यक्षात ती नदीचाच भाग असते. नदी तिचा उपयोग क्वचित करते एवढेच.

मुसीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट निर्णायक आहे. हैदराबादच्या किंचित वर, लंगर हौजजवळ, ईसी नदी तिला मिळते. दोन्ही नद्यांचे पाणी शहरात शिरण्यापूर्वीच एकत्र येते. दोन्ही खोऱ्यांत एकाच वेळी मुसळधार पाऊस झाला आणि दोन्ही लोंढे संगमावर एकाच सुमारास पोहोचले, तर त्यांची बेरीज थेट शहराच्या वाट्याला येते.

नदीच्या काठी शहर

कुतुबशाही राजधानी गोवळकोंडा मुसीच्या उत्तरेस होती. इब्राहिम कुली कुतुबशाहने १५७८ मध्ये नदीवर पूल बांधला. तोच आजचा पुराना पूल. १५९१ मध्ये मुहंमद कुली कुतुबशाहने नदीच्या दक्षिणेस हैदराबाद वसवले. म्हणजे शहराआधी पूल झाला आणि शहर जन्मापासूनच नदीला बिलगून राहिले. आसफजाही काळात वस्ती दोन्ही काठांवर वाढली. उत्तरेकडे बेगम बाजार आणि अफजलगंज या व्यापारी पेठा उभ्या राहिल्या. पाणी, धुणी, भाजीमळे, कारागिरी यांसाठी नदीकाठ सोयीचा असल्याने कष्टकरी वर्गाची घरे तर अगदी पात्रालगत होती. यांतील बहुतेक घरे मातीच्या भिंतींची होती, आणि मातीची भिंत पाण्यात उभी राहत नाही. पुढे झालेल्या हानीचे हेही एक मोठे कारण होते.

२८ सप्टेंबर १९०८

तो दिवस सोमवार होता. हिजरी १३२६ चा रमजान महिना नुकताच सुरू झाला होता. आधीच्या दोन दिवसांपासून खोऱ्यात पाऊस कोसळत होता. ईसीच्या खोऱ्यातील शमशाबाद येथे २४ तासांत १२.८ इंच आणि ४८ तासांत १८.९ इंच पावसाची नोंद झाली. एरवी वर्षभरात पडणाऱ्या पावसाचा निम्म्याहून अधिक हिस्सा तेथे दोन दिवसांत पडला होता.

सोमवारी पहाटेपासून शहरातील पाणी चढू लागले. अफजलगंज, चादरघाट आणि मुस्लिम जंग हे तिन्ही पूल उद्ध्वस्त झाले. दोन्ही काठांना जोडणारा एकटा पुराना पूल काय तो उरला. कोळसावाडीसारख्या सखल वस्त्या जवळजवळ नाहीशा झाल्या. मृतांचा आकडा सर्वसाधारणपणे १५,००० सांगितला जातो. सुमारे १९,००० घरे पडली आणि ८०,००० माणसे बेघर झाली. त्या वेळी संपूर्ण शहराची लोकसंख्या पाच लाखांच्या आत होती, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्यांचा अर्थ स्पष्ट होतो.

आकड्यांमागे माणसे असतात. उर्दूतील रुबाईचे थोर कवी अमजद हैदराबादी या पुरात सापडले. ते स्वतः वाचले, पण आई, पत्नी आणि मुलगी यांना त्यांनी या एकाच दिवशी गमावले. या आघातावर त्यांनी लिहिलेल्या कवितेचे नाव ‘कयामत-ए-सुगरा’, म्हणजे छोटी कयामत, असे आहे. हैदराबादच्या साहित्यात मुसीचा पूर टिकून राहिला तो अशा वैयक्तिक दुःखातून.

त्या वेळी सहावे निजाम मीर महबूब अली खान गादीवर होते आणि महाराजा किशन प्रसाद दिवाण होते. बेघरांसाठी राजवाड्यांचे दरवाजे उघडण्यात आले, अन्नछत्रे सुरू झाली. निजामांनी नदीकाठी जाऊन हिंदू रीतीने नदीची पूजा करून तिला शांत होण्याची विनवणी केली, अशी आठवणही शहरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. संकटात राजा आणि रयत यांनी एकमेकांच्या श्रद्धेचा मान राखला, हे या आठवणीचे सार आहे. परंतु कोपलेली नदी शांत करणे आणि पुराची कारणे शोधणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. हैदराबाद संस्थानाने दुसरी गोष्टही केली, म्हणून या घटनेला इतिहासात वेगळे महत्त्व आहे.

तलावांची साखळी

कारणे शोधण्यासाठी निजाम सरकारने मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना बोलावले. त्यांचे अभियांत्रिकीचे शिक्षण पुण्यात झाले होते. मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात नाशिक, खानदेश, पुणे अशा ठिकाणी त्यांनी काम केले होते आणि खडकवासला धरणावर स्वयंचलित दरवाजे बसवून नाव मिळवले होते. निमंत्रण पोहोचले तेव्हा ते युरोपच्या प्रवासात होते. १९०९ मध्ये त्यांनी हैदराबादला येऊन पाहणी केली आणि त्याच वर्षी अहवाल सादर केला.

या पाहणीत शहराइतकेच लक्ष शहराच्या वरील खोऱ्याकडे देण्यात आले. शहरापर्यंतचे पाणलोट क्षेत्र ८६२ चौरस मैल होते आणि त्यात ७८८ तलाव होते. म्हणजे जवळपास दर चौरस मैलामागे एक तलाव. दख्खनच्या या कोरडवाहू मुलखात काकतीयांच्या काळापासून तलाव बांधण्याची परंपरा आहे. ओढ्याच्या वाटेवर मातीची पाळ घालायची, जादा पाण्यासाठी सांडवा ठेवायचा, सांडव्याचे पाणी खालच्या तलावात जायचे आणि त्याचे आणखी खालच्या तलावात. अशी साखळी साधारण पावसात खोऱ्याचे रक्षण करते. पाणी अडते, मुरते, शेतीला मिळते आणि नदीपर्यंत उशिरा पोहोचते.

पण या व्यवस्थेचा भरवसा सांडव्यावर असतो. सांडव्याच्या शक्तीपेक्षा जास्त पाणी आले की ते पाळीवरून वाहू लागते. मातीची पाळ वरून वाहणारे पाणी सहन करीत नाही. काही वेळातच ती खचते आणि फुटते. वरचा तलाव फुटला की त्याचा सारा साठा एकदम खालच्या तलावावर येतो. तो आधीच तुडुंब भरलेला असतो, म्हणून तोही फुटतो. १९०८ मध्ये असे २२१ तलाव फुटले. त्यांतील बहुसंख्य ईसीच्या खोऱ्यातील होते, म्हणजे जेथे पाऊस सर्वाधिक झाला तेथील. जे पाणी पावसाच्या गतीने नदीत यायचे, ते तलाव फुटण्याच्या गतीने आले. शहरात आलेल्या लोंढ्याचा सर्वोच्च विसर्ग सेकंदाला सुमारे सव्वाचार लाख घनफूट असल्याचा अंदाज काढण्यात आला.

मराठी वाचकाला ही प्रक्रिया अपरिचित नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे अपुरे धरण फुटले, त्याचे पाणी खडकवासल्यावर आले, ते धरणही फुटले आणि मुठेच्या पुराने पुणे उद्ध्वस्त झाले. पुण्यात साखळी दोन दुव्यांची होती. मुसीच्या खोऱ्यात शेकडो दुव्यांची.

तलावांनी पूर आणला, असा निष्कर्ष यावरून घाईने काढणे योग्य होणार नाही. तलाव नसते तरी एवढ्या पावसाने मोठा पूर आलाच असता. तलावांच्या फुटण्याने त्याची उंची वाढली आणि सावध होण्यास मिळणारा वेळ कमी झाला. दोष तलाव असण्यात नव्हता. असाधारण पावसाला पुरेल असा सांडवा नसण्यात होता.

एका इंचाचा हिशेब

उपाय म्हणून शहराच्या वर दोन्ही नद्यांवर जलाशय बांधण्याची योजना पुढे आली. त्यामागचा हिशेब वर्गात सहज करून दाखवता येण्यासारखा आहे. एका चौरस मैलावर एक इंच पाणी साचले तर ते सुमारे २३ लाख २३ हजार घनफूट भरते. त्याला ८६२ ने गुणले की सुमारे २०० कोटी घनफूट, म्हणजे दोन टीएमसी, इतके पाणी होते. सर्व खोऱ्यावरून वाहून येणारा प्रत्येक इंच म्हणजे दोन टीएमसी. सव्वाचार लाख क्युसेकच्या गतीने एवढे पाणी शहरातून जाण्यास जेमतेम सव्वा तास लागतो. हेच पाणी दोन दिवसांवर पसरले, तर विसर्ग १२,००० क्युसेकच्याही खाली येतो आणि नदी पात्रातच राहते. पूर टाळणे म्हणजे बहुतेक वेळा पाणी नाहीसे करणे नव्हे, त्याला उशीर लावणे.

मुसीवरील उस्मानसागर १९२० मध्ये आणि ईसीवरील हिमायतसागर १९२७ मध्ये पूर्ण झाला. सातवे निजाम मीर उस्मान अली खान आणि त्यांचे पुत्र यांची नावे या जलाशयांना देण्यात आली. मूळ योजना विश्वेश्वरय्यांची असली तरी तिला प्रत्यक्ष रूप देण्यात संस्थानातील अभियंत्यांचा वाटा मोठा आहे. त्यांत नवाब अली नवाज जंग बहादूर यांचे नाव अग्रभागी येते. मांजरा नदीवरील निजामसागर हेही त्यांच्याच कारकिर्दीतील काम. मांजरा बीड जिल्ह्यात उगम पावते, म्हणून मराठवाड्याशीही या परंपरेचे नाते आहे. त्यांचा जन्मदिवस, ११ जुलै, तेलंगणात अभियंता दिन म्हणून पाळला जातो.

दोन्ही जलाशयांची मिळून साठवणक्षमता सात टीएमसीच्या जवळ आहे. वरच्या हिशेबाने हे सुमारे साडेतीन इंच पाणी झाले, आणि तेही जलाशय आधी रिकामे असतील तर. या जलाशयांनी शहराला अनेक दशके पिण्याचे पाणीही दिले. येथे एक विसंगती आहे, ती विद्यार्थ्यांच्या लक्षात आणून दिली पाहिजे. पाणीपुरवठ्यासाठी जलाशय भरलेला हवा आणि पूरनियंत्रणासाठी रिकामा हवा. एकाच जलाशयाकडून दोन्ही कामे घ्यायची तर पाऊस, साठा आणि विसर्ग यांवर सतत लक्ष ठेवावे लागते.

काठाचे नवे रूप

पुरानंतर शहराचा काठही बदलला. १९१२ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट बोर्ड स्थापन झाले. नदीकाठी भिंती आणि उद्याने झाली, दाट वस्त्या हलवून रुंद रस्ते काढण्यात आले, नमुनेदार घरे बांधण्यात आली. आज नदीच्या दोन्ही अंगांना दिसणाऱ्या उच्च न्यायालय, सिटी कॉलेज, उस्मानिया दवाखाना आणि असफिया ग्रंथालय या भव्य वास्तू पुरानंतरच्या दोन-तीन दशकांतील आहेत. पुराने मोकळ्या केलेल्या काठावर संस्थानाने न्याय, शिक्षण, आरोग्य आणि ग्रंथ यांची घरे उभारली.

मात्र जलाशयांनी नदीचे खालचे रूपही बदलले. एरवी नदी खाली जाताना उपनद्यांच्या पाण्याने भरत जाते. मुसी मात्र धरणांच्या खाली वर्षाचा बराच काळ कोरडी राहू लागली आणि शहरात शिरल्यावर सांडपाण्याने भरू लागली. शहराच्या खाली जुन्या बंधाऱ्यांवरून कालव्यांत जाणाऱ्या याच पाण्यावर भात आणि जनावरांचा चारा पिकतो. वरच्यांनी सोडलेले खालच्यांनी भोगायचे, हा नदीचा नियम पुराइतकाच प्रदूषणालाही लागू पडतो. दुसरीकडे, कोरडे पात्र सुरक्षित आहे असा समज पसरला आणि वस्ती पुन्हा पात्रात उतरली.

विसरलेला अर्धा धडा

१९०८ च्या धड्याचे दोन भाग होते. पहिला भाग जलाशयांचा. तो अमलात आला. दुसरा भाग वरच्या खोऱ्याचा आणि तलावांचा. तो हळूहळू विसरला गेला. १९९६ मध्ये तत्कालीन आंध्र प्रदेश सरकारने आदेश क्रमांक १११ काढून दोन्ही जलाशयांच्या सभोवतालच्या दहा किलोमीटर परिसरातील ८४ गावांत मोठ्या बांधकामांवर आणि प्रदूषण करणाऱ्या उद्योगांवर निर्बंध घातले. एप्रिल २०२२ मध्ये तेलंगण सरकारने काही अटी ठेवून हे निर्बंध उठवणारा आदेश काढला. शहरातील आणि भोवतालच्या अनेक तलावांच्या तळात, सांडव्यांत आणि त्यांना जोडणाऱ्या नाल्यांत दरम्यानच्या काळात वसाहती झाल्या.

परिणाम दिसून आले. ऑगस्ट २००० मध्ये एका दिवसात सुमारे २४ सेंटिमीटर पाऊस झाला, तेव्हा मुख्य फटका बसला तो हुसेनसागराच्या सांडव्याच्या नाल्याकाठी राहणाऱ्यांना. ऑक्टोबर २०२० मध्ये जुन्या शहराच्या दक्षिणेकडील गुर्रम चेरुवू आणि पल्ले चेरुवू या तलावांचे पाणी हाफिज बाबानगर, अल जुबेल कॉलनी अशा वस्त्यांत शिरले. तेथे मुसी नव्हती; १९०८ मधील तलावांची साखळीच लहान प्रमाणावर पुन्हा दिसली. सप्टेंबर २०२५ मध्ये जलाशयांतून पाणी सोडल्यावर नदीपात्रालगतच्या महात्मा गांधी बसस्थानकात पाणी आले.

या सर्व घटनांत एक गोष्ट समान आहे. नुकसान सोसणारे लोक आणि निर्णय घेणारे लोक वेगवेगळे होते. नाल्याच्या तोंडाशी घर घेणाऱ्या मजुराला किंवा लहान दुकानदाराला ती जागा पूर्वी तलावाची होती हे कोणी सांगितलेले नसते. कागदावर भूखंड असतो, नकाशावर रस्ता असतो. पाण्याची वाट मात्र कोठेच दाखवलेली नसते. २०२४ मध्ये मुसीच्या पात्रातील घरांवर खुणा करून ती हटवण्याचे काम सुरू झाले, तेव्हा अनेक कुटुंबांना ते नदीत राहत होते हे प्रथमच अधिकृतपणे कळले. नदीला तिची जागा परत देणे आवश्यक आहे. पण ती जागा विकली कोणी आणि विकू दिली कोणी, याचा हिशेब न करता केवळ राहणाऱ्याला उठवणे न्यायाचे होत नाही.

महाविद्यालयीन अध्यापकांना या विषयात करण्यासारखे पुष्कळ आहे. गावाच्या किंवा मोहल्ल्याच्या वरच्या अंगाला किती तलाव आहेत, त्यांचे सांडवे कोठे उतरतात, जुन्या नकाशातील नाला आज कोणत्या रस्त्याखाली आहे, वडीलधाऱ्यांना पाणी कोणत्या पायरीपर्यंत आल्याचे आठवते, या नोंदी विद्यार्थी स्वतः करू शकतात. बेळगाव, इंदूर, वडोदरा किंवा हैदराबाद, कोणत्याही शहरात हे काम एका सत्रात होण्यासारखे आहे. अशी नोंद हे इतिहासाचे साधन आहेच. पुढच्या पावसात ती एखाद्या कुटुंबाला रात्री वेळेवर घर सोडण्याची बुद्धीही देऊ शकते.

चिंचेच्या झाडाने दीडशे माणसे वाचवली, याबद्दल हैदराबाद त्याचे ऋणी आहे. परंतु झाडावर चढण्याची वेळ येण्यापूर्वी काय करता आले असते, याचे उत्तर झाडापाशी मिळत नाही. ते वर, शमशाबादच्या शेतांत आणि ईसीकाठच्या त्या फुटलेल्या पाळींपाशी शोधावे लागते.